वाणाचा माग

संक्रांतीला अजून महिना होता, पण कुंदाच्या पोटात आतापासूनच दुखायला लागलं होतं. दुखण्याचं कारण तिच्याच फडताळात, वरच्या कप्प्यात, ऐटीत बसलेलं होतं. शुभाने गेल्या संक्रांतीला वाण म्हणून लुटलेला पितळी करंडा. बोटभर उंचीचा, झाकणावर इवलासा मोर, आणि झाकण असं चपखल बसायचं की उगीचच चार वेळा उघडमीट करून बघावंसं वाटे. तो भंगारात देऊन टाकायचं कुंदाने पुष्कळदा ठरवलं होतं. पण रोज सकाळी कुंकू मात्र ती त्यातूनच लावत होती.

मुलुंडला पाचरस्त्याजवळच्या 'आनंदनिवास'मध्ये हळदीकुंकवाच्या वाणाला फार मान होता. आपण काय लुटणार ते शेवटपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही आणि त्या वर्षी दुसरीने दिलेली वस्तू आपण द्यायची नाही, असा तिथला रिवाज होता. शुभा राहायला येईपर्यंत कुंदाच्या वाणाला बिल्डिंगमध्ये तोड नव्हती. तिचं माहेर गिरगावातलं. बाकीच्या बायका कुणी ठाण्याच्या, कुणी कल्याणच्या, कुणी थेट कोकणातल्या. त्यामुळे मुंबईतलं काही विचारायचं तर कुंदाला विचारा, असं सगळ्या म्हणत आणि कुंदाही कुणाला विन्मुख पाठवत नसे. खरं सांगायचं तर लग्नाआधी ती प्रार्थना समाजाच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती, आणि तिचं ते नावाजलेलं वाण दर वर्षी तिचे वडील घरपोच आणून देत. वडील आता तिच्या भावाकडे नागपूरला राहायला गेले होते. नेमक्या त्याच वर्षी समोरच्या खोल्यांत शुभा आली, आणि येताना ते करंडे घेऊन आली.

"अहो, तुम्ही फोर्टात जाता ना रोज? काही नवीन बघा की वाणासाठी," कुंदा नवऱ्याला म्हणाली.

"बघतो की," मधुकर पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "परवा एका ठिकाणी उंदराचे पिंजरे बघितले. मजबूत होते."

कुंदा उठून स्वयंपाकघरात गेली.

अशात दत्तजयंतीच्या भजनानंतर, सुंठवडा वाटता वाटता, शुभाचे सासरे भाऊ उभे राहिले. भाऊंची सगळी नोकरी मुंबईत झाली होती. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन ते गल्ल्या पालथ्या घालत; मुंबईतलं एकेक देऊळ, तलाव, बाजार त्यांना तोंडपाठ होता. ऐकणारं माणूस मात्र त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"तुम्ही बायका मुंबईला जाता म्हणजे दादरला बहिणीकडे जाता," भाऊ म्हणाले. "एकदा माझ्याबरोबर चला. पायी हिंडू. बोरीबंदरापासून सुरुवात करू, क्रॉफर्ड मार्केट, जुम्मा मशीद, मुंबादेवी, सगळं दाखवतो. आणि अगदी शेवटी एक गंमत दाखवीन."

मुंबादेवीचं नाव ऐकून खालच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू तयार झाल्या आणि बाजाराचं नाव ऐकून बाकीच्या. कुंदाचं लक्ष मात्र भाऊंकडे नव्हतं. ती शुभाकडे बघत होती. सासऱ्यांनी सहल जाहीर केली तेव्हा शुभाचं तोंड एवढंसं झालं होतं. मग लगेच सावरून ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

'असं आहे होय,' कुंदा मनाशी म्हणाली. 'हिचं करंड्यांचं दुकान त्याच वाटेवर आहे. आता सगळ्यांदेखत तिथे जायचं कसं, या काळजीत आहे बया. म्हणजे गर्दीतून गुपचूप सटकणार. सटकू दे. मी आहेच.'

सहलीच्या दिवशी भाऊ हातात काळी छत्री घेऊन आले. डिसेंबरात छत्री कशाला, असं काकूंनी विचारल्यावर ते म्हणाले, "ही वर धरली की सगळ्यांनी थांबायचं. आणि कुणी चुकलंच तर पाच वाजता बोरीबंदरच्या मोठ्या घड्याळाखाली यायचं." कुंदाने शुभाची पिशवी न्याहाळली. पिशवी चांगली मोठी होती आणि रिकामी होती. कुंदाचीही तशीच होती, पण ती घडी घालून पर्समध्ये ठेवण्याइतकी कुंदा हुशार होती.

बोरीबंदरला भाऊंनी छत्री वर केली आणि मुंबादेवीचं मूळचं देऊळ इथे जवळच होतं, ते पुढे कसं हलवलं, हे सांगायला सुरुवात केली. क्षमा तेवढी मन लावून ऐकत होती. ती तळमजल्यावरची नवी नवरी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मोठ्या माणसांचं ऐकायची सवय अजून गेली नव्हती. बाकी कुंदा शुभावर नजर ठेवून होती. गंमत म्हणजे कुंदाने जेव्हा जेव्हा शुभाकडे पाहिलं तेव्हा तेव्हा शुभाही तिच्याकडेच बघत होती. नजरानजर झाली की दोघी गोड हसत.

"दमलीस का गं?" शुभाने विचारलं.

"छे गं. माहेरचा भाग आहे माझा," कुंदा म्हणाली.

क्रॉफर्ड मार्केटच्या दाराशी भाऊंनी वरची दगडी नक्षी दाखवली. सगळ्यांनी माना वर केल्या, दोघींनी सोडून. माना वर करून बघण्याच्या नादात समोरची निसटेल ही धास्ती दोघींनाही होती. शेवंतीकाकूंच्या मात्र हे ध्यानात आलं. काकूंचे गुडघे कामातून गेले होते. डोळे शाबूत होते. त्या शेजारणीच्या कानाला लागल्या.

"ह्या दोघी बघ कशा तयारीत आहेत. वाणाचं दुकान ह्यांना ठाऊक आहे. ह्यांना सोडायचं नाही हो."

हे कानाला लागणं जुम्मा मशिदीपर्यंत सगळ्या रांगेतून फिरून आलं. तिथे भाऊ रंगात आले होते. मशिदीच्या पोटात जुना तलाव आहे, त्यात मासे आहेत, असं ते सांगू लागले आणि त्यांनी डोळे मिटले. बोलण्यात रमले की डोळे मिटायची त्यांना सवय होती. समोरच मंगळदास मार्केटचं दार होतं. शुभा एक पाऊल मागे सरकली. कुंदाही सरकली. शुभाने ते पाहिलं आणि ती आणखी एक पाऊल सरकली. असं सरकता सरकता दोघीही मार्केटच्या आत पोचल्या.

मंगळदास मार्केट म्हणजे नुसत्या गल्ल्या. दोन्ही हातांना कापडाचे ठाण, मध्ये माणसाला वळायपुरती वाट, आणि एक गल्ली दुसरीसारखीच. शुभा पुढे, कुंदा मागे, अशी सुरुवात झाली. पण थोडं चालल्यावर शुभा एका दुकानाशी उगाच थांबली आणि छिटाचं कापड चिमटीत धरून बघू लागली. कुंदा थांबली असती तर चोरी उघडी पडली असती. म्हणून ती आपलं काहीच नाही असं दाखवत पुढे निघून गेली. वळून बघते तर शुभा मागे येत होती. मग कुंदा थांबली. तिने एका ठाणाचा भाव विचारला. शुभा मान ताठ ठेवून पुढे गेली. पुन्हा शुभा पुढे, कुंदा मागे. पुढच्या वळणावर पुन्हा कुंदा पुढे.

"आवो बेन, बैठो," कोपऱ्यावरचा एक शेठ म्हणाला. थोड्या वेळाने तो पुन्हा दिसला, तेव्हा त्याने स्टूल पुढे केलं. तिसऱ्यांदा त्याने पाण्याचा पेला आणवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "बेन, कोई खो गया है क्या?"

कुंदाला तोंड चुकवून पळता भुई थोडी झाली. या शुभाचं दुकान तरी आहे कुठे, तिला कळेना. केवढी पोचलेली बाई, आपल्याला मुद्दाम फिरवते आहे, असं वाटून तिचा जळफळाट झाला. पण त्या जळफळाटातही थोडा आदर होता. मागे वळून बघायचं भान असतं तर शेवंतीकाकूंसकट सगळी सहल आपल्यामागे गल्लोगल्ली फिरते आहे, हे तिला दिसलं असतं.

शेवटी दुसऱ्या कुठल्याशा दाराने ती बाहेर पडली आणि एका अरुंद गल्लीत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. एका ओट्यावर काही माल मांडलेला होता, त्याच्यावर हात टेकून ती वाकली. अंगठा मुळापासून गेला होता. तिने चप्पल उलटी केली, सुलटी केली, आणि समोरच मोची बसलेला दिसला तशी लंगडत त्याच्याकडे गेली. मोच्याने चप्पल हातात घेतली. कुंदाने सहज मान वळवली.

शुभा त्या ओट्याशी उभी होती. इकडेतिकडे चोरून बघत, घाईघाईने, ती काहीतरी पिशवीत भरत होती. पिशवी तट्ट फुगली तशी ती पदर सावरून चालू लागली.

'सापडली,' कुंदा म्हणाली. चप्पल मोच्याकडेच टाकून ती एका अनवाणी पायाने ओट्याकडे धावली. "आत्ता त्या बाईंनी घेतलं ना, तेच द्या. तेवढंच द्या," ती म्हणाली.

तो माल म्हणजे प्लॅस्टिकच्या साबणाच्या डब्या होत्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. प्लॅस्टिक तेव्हा नवं होतं आणि लोक ते हातात घेऊन उन्हात धरून बघत असत. कुंदाला पहिल्यांदा जरा शंका आली, की करंड्यांपुढे हे काय. पण शुभासारखी बाई एवढ्या आटापिट्याने घेते आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच. आता प्रश्न उरला रिवाजाचा. दुसरीने दिलेली वस्तू आपण द्यायची नाही. पण शुभाचं हळदीकुंकू गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी होतं, तिची बहीण यायची म्हणून; यंदाही तसंच असणार. आपण संक्रांतीच्याच संध्याकाळी उरकलं तर रिवाज कुणी मोडला? शुभाने. हा विचार कुंदाला इतका आवडला की चप्पल घेऊन ती निघाली तेव्हा लंगडायची थांबली असूनही तिची चाल जरा उड्या मारल्यासारखीच होती.

तिची पाठ वळताच शेवंतीकाकू ओट्याशी आल्या. त्या गेल्यावर दुसरी आली. दुकानदाराने गोडाऊनातून आणखी माल आणवला.

पाच वाजता बोरीबंदरच्या घड्याळाखाली सगळ्या जमल्या, प्रत्येकीची पिशवी पदराखाली. भाऊ छत्री टेकून उभे होते. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता.

"मी डोळे उघडले तर एकटी क्षमा," ते म्हणाले. "मुंबादेवीपाशी बराच वेळ वाट पाहिली. तुम्ही सगळ्या हरवलात की काय?"

"गर्दी केवढी होती भाऊ," कुंदा म्हणाली. क्षमाच्या हातात एक लहानसं जड गाठोडं तेवढं होतं. सगळी दुपार बिचारीने म्हाताऱ्याचं ऐकण्यात घालवली, हिचं पहिल्या संक्रांतीचं वाण राहिलंच, असं वाटून कुंदाला तिची मनापासून कीव आली.

संक्रांतीच्या संध्याकाळी कुंदा काळी चंद्रकळा नेसली. तिळगूळ, बोरं, हरभरे, गुलाबपाणी, सगळी मांडामांड करून तिने डब्यांच्या परातीवर विणलेला रुमाल झाकला. सकाळी ती घरोघर आमंत्रण देऊन आली होती, तेव्हा प्रत्येकीने "अगं, माझंही आजच आहे, तू ये हं आधी," असं म्हटलं होतं. त्याचं तिला नवल वाटलं होतं, पण तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं की पहिल्यांदा आपल्याकडे सगळ्या येऊन जाऊ देत, आपला पाय त्याच्या आधी उंबऱ्याबाहेर पडायचा नाही.

असंच सगळ्यांनी ठरवलं होतं.

दिवेलागण झाली. कुंदा दाराकडे डोळे लावून बसली. समोर शुभाचं दार उघडं होतं आणि त्यात शुभा काळ्या साडीत बसलेली होती. दोघी एकमेकींना हातानेच 'ये ना' म्हणत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. खालच्या मजल्यावर शेवंतीकाकूंचा आवाज आला, "अगं, कुणी येणार आहे का? हळद सुकली इथे."

"वाट लागली," आतून मधुकर म्हणाला. "बिल्डिंगमध्ये आज नुसत्या यजमानिणी. पाहुणी कुणीच नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," कुंदा म्हणाली. तिचं अवसान गळत चाललं होतं.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली आणि क्षमा आली. तिचं स्वतःचं हळदीकुंकू शुक्रवारचं, म्हणून ती बिचारी सगळ्यांकडे जाऊन आली होती. तिने दोन्ही हातांनी पदराची झोळी सावरून धरली होती. कुंदाने तिला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मोठ्या डौलात रुमाल उचलून गुलाबी डबी पुढे केली.

"अय्या, किती छान," क्षमा म्हणाली. पण हे ती आज इतक्यांदा म्हणाली होती की त्यातला जीव गेला होता. डबी ठेवायला तिने पदर सैल केला. आत साबणाच्या डब्या खच्चून भरल्या होत्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या.

कुंदाने तिच्या पदरातली एक हिरवी डबी उचलली. "या कुठून मिळाल्या तुला?"

"सगळीकडून," क्षमा म्हणाली. "काकूंकडे दोन दिल्या. माझ्या शुक्रवारी या हं वहिनी, नक्की."

ती गेल्यावर कुंदा उठली आणि सरळ समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. शुभा मांडीवर परात घेऊन रडवेली होऊन बसली होती.

"काय गं शुभा," कुंदा म्हणाली, "हेच का तुझं दुकान? हेच घ्यायला मला त्या मार्केटात एवढं फिरवलंस?"

"मी फिरवलं? तूच फिरवलंस मला. तू गिरगावची. तू त्या ओट्याशी थांबलीस, माल हात लावून बघितलास, वाकून बघितलास, म्हणून तर मी घेतलं."

"अगं, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता."

शुभाने मांडीवरची परात खाली ठेवली. मग कुंदाने मुद्द्याला हात घातला. "मग गेल्या वर्षीचे करंडे कुठले?"

"माझं दूध उतू चाललंय," शुभा म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी सगळ्या क्षमाकडे गेल्या, तिची समजूत घालायची तयारी ठेवून. कुंदा आणि शुभा नेमक्या शेजारी शेजारी बसल्या. क्षमाने हळदकुंकू लावलं आणि एकेकीच्या ओंजळीत वाण ठेवलं. बोटभर उंचीचा पितळी करंडा. या खेपेला झाकणावर पोपट होता. कुंदाने झाकण उघडून लावलं. आवाज अगदी तोच. तिच्या पोटात अशी कळ गेली की शेजारच्या शुभाला ती जाणवली असावी.

"कुठून आणलेस गं?" शेवंतीकाकूंनी सगळ्यांच्या वतीने विचारलं.

"भाऊंची शेवटची गंमत ती," क्षमा म्हणाली. "मुंबादेवीच्या पुढे तांबाकाट्याला एका म्हाताऱ्या तांबटाचं दुकान आहे. भाऊंचा जुना स्नेही. गेल्या वर्षी शुभावहिनींसाठी भाऊंनी तिथूनच आणले होते. यंदा म्हणाले, सगळ्यांनाच दाखवू, सगळ्या खूश होतील. तुम्ही आलाच नाहीत."

खोलीत नुसता करंड्यांच्या झाकणांचा आवाज येत राहिला.

जिन्यात आल्यावर कुंदाने शुभाला अडवलं. "तुला माहीत होतं."

"होतं," शुभा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्यांना दाखवतो म्हणाले तेव्हा अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सगळ्यांनी तेच आणलं तर माझं काय राहिलं? म्हटलं, कुंदाच्या मागे जावं. तिला याहून भारी दुकान माहीत असणार. जळायचे गं मी तुझ्यावर. सगळ्या म्हणायच्या, कुंदाची सर नाही."

"माझं वाण बाबा आणायचे," कुंदा म्हणाली. हे ती जन्मात पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. "आणि तुझा करंडा मी रोज वापरते. जळत जळत वापरते."

दोघी पायरीवर टेकल्या. इतक्या दिवसांची पोटदुखी अशी बोलून टाकल्यावर बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खालून क्षमाच्या दारातून बायकांचे आवाज येत होते. "क्षमाची निवड म्हणजे निवड हो." "मुंबईतलं काही विचारायचं तर आता क्षमाला विचारा."

"ऐकलंस?" कुंदा म्हणाली.

"ऐकलं. आज आलीय आणि बघ."

"दिसते गरीब."

"पुढच्या वर्षी हिला एकटीला सोडायचं नाही," शुभा हळूच म्हणाली. "तू डावीकडून, मी उजवीकडून."

कुंदाने तिचा हात हातात घेतला. अशी जिवाभावाची मैत्रीण समोरच्या दारात असून आपण उगाच वर्ष वाया घालवलं, असं तिला वाटलं.

भाऊ जिना चढून वर येत होते. दोघींना अशा हातात हात घालून बसलेल्या पाहून त्यांना समाधान वाटलं.

"पुढच्या वर्षीची सहल ठरली बरं का," ते म्हणाले. "आता तांबटाकडे गर्दी वाढणार, तेव्हा मी दुसरं एक दुकान हेरून ठेवलंय. कुठे आहे ते आत्ता कुणालाच सांगत नाही. फक्त माणसं हरवता कामा नयेत, म्हणून क्षमाने एक सुचवलंय आणि मला ते पटलं. तुम्हा दोघींना सगळ्यांच्या पुढे ठेवायचं. आम्ही सगळे तुमच्या मागून येऊ."

भाऊ छत्री टेकत आत गेले. कुंदाने शुभाकडे पाहिलं आणि शुभाने कुंदाकडे. पुढे आपणच असल्यावर जायचं कुणाच्या मागे, हे दोघींनाही कळेना.